हंगामी पावसाचा अंदाज हातात आला, पुढे काय? (कोरडवाहू शेतीसाठी)

रानवाट

पावसाळ्याआधी महिना-दोन महिने हंगामी अंदाज जाहीर होतो. बहुतेक ठिकाणी तो तीन आकड्यांत असतो. उदाहरणार्थ, सरासरीपेक्षा कमी पावसाची शक्यता ४५%, सरासरीइतक्या पावसाची ३५%, सरासरीपेक्षा जास्तची २०%. कोरडवाहू भागात बियाणं पुरवणारे, चाऱ्याची सोय बघणारे, विमा किंवा मदतनिधी सांभाळणारे, सगळ्यांसमोर हाच कागद येतो. तो वाचून "यंदा दुष्काळ" म्हणून मोकळे होणारे पुष्कळ, आणि "४५ म्हणजे निम्म्याहूनही कमी, सोडून द्या" म्हणणारेही तितकेच. मला दोन्ही वाचनं चुकीची वाटतात.

माझं मत असं की हा अंदाज निर्णय घेऊन देत नाही, पण निर्णयांचा क्रम लावायला नक्की उपयोगी पडतो. तो क्रम कसा लावायचा, कोणत्या आकड्यावर काय करायचं आणि अंदाजाच्या जोडीला आणखी काय मोजायचं, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावं. भारतापुरतंच बोलायला हवं असं नाही. पूर्व आफ्रिका, साहेल (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा पट्टा), ईशान्य ब्राझील, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे प्रश्न थोड्याफार फरकाने हाच आहे.

सरासरी

चांगला विषय. आधी तीन आकड्यांचा अर्थ नीट लावू, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो.

१९९१ ते २०२० अशी ३० वर्षं घ्या. त्या भागातला त्या तीन महिन्यांचा पाऊस वर्षवार चढत्या क्रमाने लावा. खालची १० वर्षं "कमी", मधली १० "सरासरीइतका", वरची १० "जास्त". म्हणजे काहीच माहिती नसताना प्रत्येक गटाची शक्यता ३३% असते. अंदाज ४५ म्हणतो तेव्हा तुलना ५० शी करायची नाही, ३३ शी करायची.

दुसरी गोष्ट, "सरासरीइतका" म्हणजे पुरेसा नव्हे. जिथे हंगामात एरवीच ३५० मिमी पडतो तिथे मधल्या गटातलं वर्षसुद्धा मक्याला अपुरं पडू शकतं.

तिसरी गोष्ट नकाशाची. नकाशावर पांढरा सोडलेला भाग पाहून "इथे सरासरीइतका पाऊस पडणार" असं वाचलं जातं. बऱ्याच नकाशांत पांढऱ्याचा अर्थ "कुठल्याच गटाकडे कल नाही" किंवा "हा काळ इथे कोरडाच असतो म्हणून झाकला आहे" असा असतो. सूचीची पट्टी वाचल्याशिवाय रंगावर बोलूच नये.

तिरकस_रेषा

सरासरी यांच्या मुद्द्याला एक जोड. "कमी" गट आणि दुष्काळ हे एक नव्हेत. खालचा तिसरा भाग म्हणजे दर तीन वर्षांनी एकदा येणारी परिस्थिती. ज्याला लोक दुष्काळ म्हणतात तो साधारण पाचात एकदा किंवा दहात एकदाचा.

४५-३५-२० या आकड्यांवर साधा घंटाकृती वक्र बसवला तर मध्य सुमारे ०.३२ प्रमाण विचलनाने (म्हणजे पसाऱ्याच्या मापाने) खाली सरकतो आणि पसारा मूळच्या ०.८९ पट होतो. त्यावरून पाचात एकदाच्या कोरड्या वर्षाची शक्यता २० वरून साधारण २८% होते. दहात एकदाच्या वर्षाची १० वरून १४%. प्रत्यक्ष पावसाचा वक्र इतका सममित नसतो, तरी ढोबळ हिशेबासाठी हे पुरेसं आहे.

हा आकडा बातमीत कधी येत नाही. "कमी पावसाची शक्यता ४५%" ऐकून माणूस मोठा दुष्काळ डोळ्यांसमोर आणतो, पण त्या मोठ्या दुष्काळाची शक्यता १४% आहे. आणि १४ हा आकडा १० पेक्षा जवळजवळ दीडपट आहे, तेव्हा दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

रानवाट

@तिरकस_रेषा, हेच हवं होतं. दहात एकदाचा आकडा वेगळा काढून दाखवायची पद्धत सगळीकडे पडायला हवी.

निळाई

अंदाज कुठून येतो आणि कुठे चालतो, याबद्दल लिहिते. सगळ्या प्रदेशांत आणि सगळ्या ऋतूंत त्याची लायकी सारखी नसते, आणि हे लक्षात न घेता सरसकट विश्वास किंवा सरसकट अविश्वास दाखवला जातो.

मुख्य आधार प्रशांत महासागराचा. विषुववृत्तालगतच्या ५° उत्तर ते ५° दक्षिण, १७०° ते १२०° पश्चिम या पट्ट्याला निनो ३.४ म्हणतात. तिथल्या पाण्याचं तीन महिन्यांचं सरासरी तापमान नेहमीपेक्षा ०.५ अंशाने जास्त राहिलं आणि टिकलं तर एल निनो, तितकंच कमी राहिलं तर ला निना. समुद्र सावकाश बदलतो म्हणून काही महिने पुढचं बोलता येतं. एल निनो बहुधा नोव्हेंबर ते जानेवारीत शिखरावर असतो. म्हणून आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातला नोव्हेंबर ते मार्चचा हंगाम किंवा पूर्व आफ्रिकेतला ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस यांचा अंदाज तुलनेने बरा येतो. २०२३-२४ च्या एल निनोत झांबिया, मलावी आणि झिंबाब्वे या तिन्ही देशांना आपत्ती जाहीर करावी लागली. फेब्रुवारीत, मका फुलोऱ्यात असताना पावसाने ताण दिला होता.

उलट मार्च ते मे या काळात केलेले प्रशांताचे अंदाज पुढे फार टिकत नाहीत. त्या महिन्यांत जुनी घडी मोडते आणि नवी अजून बसलेली नसते. जून ते सप्टेंबरच्या मोसमी पावसाचा पहिला अंदाज नेमका याच काळात द्यावा लागतो, ही त्याची मूळ अडचण. पूर्व आफ्रिकेतला मार्च ते मेचा पाऊस तर एल निनोशी फारसा जुळतच नाही. तिथे पश्चिम प्रशांतातल्या जास्तीच्या उष्णतेचा ला निनाशी मेळ बसतो तेव्हा कोरडेपणाचा इशारा जरा आधी देता येतो, हे अलीकडच्या अभ्यासातून पुढे आलं. २०२० च्या ऑक्टोबरपासून २०२२ च्या डिसेंबरपर्यंत तिथे सलग पाच हंगाम फसले, त्या वेळी ला निनासुद्धा सलग तीन वर्षं टिकलेली होती.

हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांतल्या तापमानाचा फरक, म्हणजे द्विध्रुव, हाही बघावा लागतो. २०१९ ला तो जोरदार धन होता, म्हणजे पश्चिम भाग जास्त तापलेला होता, आणि पूर्व आफ्रिकेत वर्षाअखेरीस पूर आले. १९९७ ला फार मोठा एल निनो असूनही भारतात मोसमी पाऊस सरासरीच्या १०२% पडला. "एल निनो आला, दुष्काळ आला" हे समीकरण कुणी डोक्यात घट्ट बसवून घेऊ नये.

मोहोर

सगळं वाचलं. आदर आहे, पण असहमत आहे.

शेतकऱ्याला तीन महिन्यांची बेरीज कळून काय करायचं? २०२३ चं उदाहरण घ्या. भारतात हंगामाची बेरीज सरासरीच्या ९४%. कागदावर तूट किरकोळ. पण त्यातला ऑगस्ट ३६% तुटीचा होता, १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा. हलक्या जमिनीवर ज्याचं पीक त्या महिन्यात फुलोऱ्यात होतं त्याला ९४ हा आकडा काय सांगतो? पेरणीलायक पाऊस कधी, पहिल्या पावसानंतर खंड पडेल का, फुलोऱ्यात ओल असेल का, हे तीन प्रश्न खरे. हंगामी अंदाज तिन्हींना उत्तर देत नाही. त्यावर खर्च होणारं लक्ष दोन ते चार आठवड्यांच्या अंदाजाकडे वळवा.

भरडधान्य

मोहोर यांच्याशी सहमत. +१

ढेकूळ

मोहोर यांनी जमिनीचा विषय काढला ते बरं झालं. खंड किती दिवसांचा झाला म्हणजे पीक जातं, हे आभाळ एकटं ठरवत नाही.

मका फुलोऱ्यात आहे, संदर्भ बाष्पोत्सर्जन (हिरव्यागार गवताच्या रानातून उडून जाणारं पाणी) दिवसाला ५ मिमी आहे असं धरा. त्या अवस्थेत मक्याचा पीक गुणांक, म्हणजे त्याला ज्याने गुणायचं तो आकडा, सुमारे १.२, म्हणजे रोज ६ मिमी पाणी लागतं. मुळं एक मीटर खोल गेली आहेत. रेताड हलक्या जमिनीत मीटरभर थरात पिकाला मिळण्याजोगं पाणी साधारण ८० मिमी मावतं, मध्यम पोयट्यात १५० मिमी. यातलं सगळं पीक सहज ओढू शकत नाही, सुमारे ५५% संपलं की ताण सुरू होतो. म्हणजे हलक्या जमिनीत ४४ मिमी, भागिले ६, जेमतेम सात दिवस. पोयट्यात ८२ मिमी, साडेतेरा दिवस. हेही जमीन पूर्ण भरलेली असेल तर. मुळं अर्ध्या मीटरवर अडली असतील तर दोन्ही आकडे निम्मे करा.

एकाच अंदाजाखाली, एकाच गावात, बारा दिवसांच्या खंडाने एकाचं पीक करपतं आणि शेजारच्याचं तग धरतं. म्हणून अंदाज गावाला सांगताना जमिनीचे किमान दोन गट करून सांगावा.

पेरणीबद्दलही एक. पश्चिम आफ्रिकेत वापरात असलेली हंगामाच्या सुरुवातीची व्याख्या अशी: दहा दिवसांच्या एका टप्प्यात किमान २५ मिमी, आणि पुढच्या दोन टप्प्यांत मिळून किमान २० मिमी. व्याख्या चांगली आहे, पण तिची अट पूर्ण झाली की नाही हे वीस दिवसांनी कळतं. पेरणारा पहिल्याच टप्प्यावर उभा असतो. २५ मिमी झाला, पेरलं, पुढे वीस दिवस कोरडे, की दुबार पेरणी. इथे मोहोर म्हणतात ते दोन-तीन आठवड्यांचे अंदाज कामाचे, यात वाद नाही.

निळाई

@मोहोर, लक्ष दुसरीकडे वळवा हे पटलं नाही. पेरणीच्या दिवशी शेतकऱ्याकडे जे बियाणं आहे तेच तो पेरणार. लवकर येणारं वाण तिथे असावं असं वाटत असेल तर ते दोन-तीन महिने आधी मागवावं लागतं. दोन आठवड्यांचा अंदाज तिथे पोहोचतच नाही.

ईशान्य ब्राझीलमधल्या सेआरा राज्यात पावसाळा फेब्रुवारी ते मे. उष्णकटिबंधीय अटलांटिकचा उत्तर भाग दक्षिणेपेक्षा जास्त तापला की पावसाचा पट्टा उत्तरेकडेच अडकतो, आणि त्यात एल निनो असला की तूट वाढते. हे दोन्ही महिनाभर आधी दिसतं. १९९२ ला तिथल्या सरकारने कोरड्या हंगामाच्या अंदाजावरून लवकर येणाऱ्या, कमी पाण्यावर निभणाऱ्या वाणांचं बियाणं वाटलं होतं. १९८७ ला पावसाची तूट साधारण तशीच होती, पण १९९२ ला धान्य कितीतरी जास्त हाती आलं.

उलट उदाहरणही देते, कारण तेही तितकंच महत्त्वाचं. १९९७-९८ ला झिंबाब्वेत एल निनोमुळे मोठ्या दुष्काळाची हाकाटी झाली. कर्ज देणाऱ्यांनी हात आखडता घेतला, लोकांनी पेरा कमी केला. पाऊस मात्र पुष्कळ भागात सरासरीच्या आसपास झाला. अंदाजाच्या कागदावर शक्यताच लिहिलेली होती. ती खात्री म्हणून पोहोचली आणि नुकसान झालं.

पाऊसनोंद

थोडं विषयांतर होईल, पण हा पाया आहे. अंदाज कितीही चांगला असो, पडलेला पाऊस नीट मोजला नसेल तर खालचा तिसरा भाग कुठे संपतो हेच ठरत नाही.

पर्जन्यमापक जवळच्या झाडा-भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवा, चौपट असेल तर उत्तम. रोज ठरलेल्या वेळी वाचन. पाऊस न पडलेल्या दिवशी "०" लिहायचं, वाचन घेतलंच नसेल तर जागा रिकामी किंवा वेगळी खूण. हा भेद पाळला नाही की नंतर जोडणारा माणूस रिकाम्या जागांना शून्य धरतो आणि कागदावर नसलेला दुष्काळ तयार होतो. उलटही होतं. तीन दिवस वाचन चुकलं आणि चौथ्या दिवशी साठलेला ६० मिमी एकाच तारखेवर लिहिला, की अतिवृष्टीचा दिवस नोंदीत घुसतो आणि तीन दिवसांचा खोटा खंडही.

जिथे मापक विरळ आहेत तिथे उपग्रहावर आधारित चर्प्ससारखे संच वापरतात. चर्प्सच्या दुसऱ्या आवृत्तीत ०.०५ अंशाची जाळी, म्हणजे साधारण ५ किमी, ५०° दक्षिण ते ५०° उत्तर, १९८१ पासून. काम चांगलं आहे, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. त्याचा आधार ढगांच्या माथ्याचं थंडपण हा आहे, त्यामुळे डोंगरउतारावर बुटक्या ढगांतून पडणारा पाऊस कमी भरतो. त्यात मिसळलेल्या जमिनीवरच्या केंद्रांची संख्या वर्षागणिक बदलते, म्हणून एखाद्या भागात दिसणारी घट खरी की केंद्रं बंद पडल्याने, हे तपासावं लागतं. आणि तात्पुरती आवृत्ती लवकर येते, पक्की पुढच्या महिन्यात. विम्याचा निर्णय तात्पुरतीवर घेऊ नये.

टिपणवही

० आणि रिकामी जागा हा मुद्दा प्रत्येक नोंदवहीच्या मुखपृष्ठावर छापावा!

एक शंका. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची हवामान प्रारूपं (मॉडेल) आली आहेत. हंगामी अंदाजाचा प्रश्न ती सोडवतील का?

तिरकस_रेषा

@टिपणवही, दहा-पंधरा दिवसांच्या पल्ल्यात ती प्रारूपं खरोखर दमदार आहेत, आणि मोसमी पाऊस कधी सुरू होणार यासाठीही वापर सुरू झाला आहे. २०२५ ला भारतात कोट्यवधी शेतकऱ्यांना असे संदेश गेले. हंगामी पल्ल्यात अडचण शिकण्यासाठी मिळणाऱ्या उदाहरणांची आहे. रोजच्या हवामानाचे हजारो दिवस मिळतात. उपग्रहांच्या काळातले हंगाम मात्र चाळीस-पंचेचाळीस, आणि त्यात मोठे एल निनो बोटांवर मोजण्याइतके. इतक्या थोड्या उदाहरणांवर ताकदवान प्रारूप शिकवलं की ते जुनी वर्षं पाठ करतं.

हाच दोष साध्या सूत्रांतही असतो. पन्नास वेगवेगळे घटक घेऊन ३० वर्षांच्या पावसाशी ताडून पाहिले, तर ५% च्या कसोटीवर दोन-तीन निव्वळ योगायोगाने "जुळतात". भारतात १९८८ पासून १६ घटकांचं सूत्र वापरात होतं. २००२ ला अंदाज सरासरीच्या १०१% चा होता आणि पाऊस ८१% झाला, जुलै तर निम्माही झाला नाही. त्यानंतर ते सूत्र बदललं.

कुठलाही अंदाज वापरण्याआधी मी तीन गोष्टी मागतो. एक, त्याच प्रारूपाने मागच्या वर्षांसाठी काढलेले अंदाज. युरोपीय मध्यम पल्ला केंद्राच्या पाचव्या हंगामी प्रणालीचे ते १९८१ ते २०१६ पर्यंत मिळतात, कोपर्निकस या युरोपीय सेवेच्या सामायिक संचात १९९३ ते २०१६, म्हणजे २४ वर्षं. दोन, त्यांचा तुमच्या भागातल्या प्रत्यक्ष पावसाशी सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती बरोबरीने वर-खाली होतात याचं माप (पूर्ण जुळलं तर १). २४ वर्षांत तो ०.४० च्या खाली असेल तर योगायोगापासून वेगळा काढता येत नाही. तीन, विश्वासार्हता: ज्या ज्या वेळी ४५% म्हटलं त्यांतल्या खरोखर किती वेळा पाऊस खालच्या गटात गेला. ४५% म्हणून प्रत्यक्षात ३५% वेळाच होत असेल तर आकडा ३५ धरूनच पुढचं गणित करावं.

सहसंबंध पाहताना जाळीतल्या एकेका ठिपक्याचा न काढता जिल्ह्याएवढ्या क्षेत्राच्या सरासरीचा काढा. हंगामी प्रारूपाला एका गावाचा पाऊस कळत नाही.

शिदोरी

रानवाट यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. कोणत्या आकड्यावर काय करायचं?

प्रत्येक कृतीसाठी दोन रकमा लिहा: कृतीचा खर्च, आणि दुष्काळ पडल्यास त्या कृतीने वाचणारं नुकसान. खर्च भागिले वाचणारं नुकसान, हा त्या कृतीचा उंबरठा. शक्यता त्याच्या वर गेली तर कृती करा.

उदाहरण म्हणून: लवकर येणाऱ्या वाणाचं बियाणं जास्तीचं मागवून ठेवायला २० एकक खर्च, कमी पावसाच्या वर्षी वाचणार ५०. उंबरठा ४०%. अंदाज नसताना शक्यता ३३, म्हणून एरवी करायचं नाही. अंदाज ४५ म्हणतो, म्हणून यंदा करायचं. इथे अंदाजाने निर्णय बदलला.

बांधबंदिस्ती, आच्छादन, सरीत आडवे बांध घालून पाणी अडवणं अशा कामांचा उंबरठा समजा २०% आहे. ती दरवर्षीच करावीत, अंदाजाची वाट कशाला बघायची? आणि जनावरं आधीच विकणं किंवा अख्खा पेरा सोडणं यांचा उंबरठा ७० च्या आसपास असेल, तर हंगामी अंदाज तिथवर क्वचितच पोहोचतो. ती कृती हंगाम सुरू झाल्यावर प्रत्यक्ष पाऊस आणि ओल मोजून ठरवायची. झिंबाब्वेत झालेली गफलत अशीच होती: ७० च्या उंबरठ्याची कृती त्याच्या कितीतरी खालच्या शक्यतेवर झाली.

एक खबरदारी. उंबरठा कुठल्या घटनेचा आणि शक्यता कुठल्या घटनेची, हे एकच असायला हवं. दहात एकदाच्या दुष्काळात वाचणारं नुकसान धरलं असेल तर तुलना तिरकस_रेषा यांच्या १४ शी करा, ४५ शी नको.

आणि प्रारूप शेतातल्या वास्तवाशी जुळतं का, हे दरवर्षी तपासा. २०१५-१६ ला मलावीत मोठा दुष्काळ पडला, पण आफ्रिकन रिस्क कपॅसिटी या आफ्रिकी देशांना दुष्काळ विमा देणाऱ्या संस्थेच्या प्रारूपाने सुरुवातीला भरपाई लागू होत नाही असं दाखवलं. प्रारूपात मका १२०-१४० दिवसांचा धरला होता, शेतकरी ९० दिवसांच्या वाणांकडे वळले होते. त्यामुळे पाण्याची गरज कोणत्या आठवड्यात येते हेच चुकलं. फेरतपासणीनंतर सुमारे ८१ लाख डॉलर दिले गेले, पण ते २०१७ उजाडल्यावर. भुकेचा काळ सुरू होऊन गेला होता.

मोहोर

शिदोरी यांची मांडणी पटली. उंबरठ्यानुसार कृती वेगळ्या केल्या तर माझा निम्मा आक्षेप मिटतो. उरलेला निम्मा असा की हंगाम सुरू झाल्यावर तोच जुना ४५ चा कागद भिंतीवर लटकत राहतो. तो दर दहा दिवसांनी नव्याने कसा काढायचा?

ढेकूळ

@मोहोर, साधी पद्धत आहे, तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये होते.

मागच्या ३० वर्षांचा रोजचा किंवा दहा दिवसांचा पाऊस घ्या. प्रत्येक वर्ष हंगामाच्या बेरजेनुसार कमी, मध्यम, जास्त गटात टाका. अंदाज ४५-३५-२० असेल तर कमी गटातल्या प्रत्येक वर्षाला ०.०४५ वजन, मध्यम ०.०३५, जास्त ०.०२०. दहा-दहा वर्षांची बेरीज बरोबर १ होते.

आता यंदा आजपर्यंत पडलेला खरा पाऊस आणि त्यापुढे एकेका जुन्या वर्षाचा उरलेला पाऊस जोडून ३० हंगाम तयार करा. प्रत्येकावर पाण्याचा ताळेबंद चालवा: कालची ओल, अधिक पाऊस, वजा पिकाने ओढलेलं पाणी. जमिनीत मावत नाही ते वाहून गेलं असं धरा. शेवटी पिकाला मिळालेलं पाणी भागिले लागणारं पाणी, गुणिले १००. हा निर्देशांक ५० च्या खाली गेला तर पीक गेलं असं धरण्याचा प्रघात आहे. तशा हंगामांच्या वजनांची बेरीज म्हणजे पीक बुडण्याची आजची शक्यता.

पेरणीच्या वेळी हा आकडा जवळपास अंदाजावरच उभा असतो. जसजसे दिवस जातात तसा खरा पाऊस त्यात जास्त शिरतो आणि फुलोऱ्यापर्यंत अंदाजाचं वजन कमी होत जातं. हाच आकडा दर दहा दिवसांनी शिदोरी यांच्या उंबरठ्यांशी ताडायचा. नत्राचा दुसरा हप्तासुद्धा यावरून ठरवता येतो. उगवणीनंतर ३०-३५ दिवसांनी ओल नसेल आणि शक्यता चढत असेल तर तो हप्ता थांबवा. कोरड्यात दिलेलं खत पिकाला मिळत नाही आणि पैसा मात्र जातो.

चूक कुठे होते? पेरणीची तारीख सगळ्यांना एकच धरली जाते. किमान लवकर, मध्यम आणि उशिरा अशा तीन तारखांसाठी ताळेबंद वेगळा चालवा.

सरासरी

आणि हे लोकांपर्यंत नेताना टक्के न सांगता वर्षं सांगा. "अशी चिन्हं असलेल्या दहा हंगामांपैकी साधारण चार-पाच हंगामांत पाऊस कमी पडतो, दोन हंगामांत चांगला पडतो." यातला दुसरा भाग गाळू नका. तो गाळला की पुढच्या चांगल्या पावसाला "अंदाज खोटा ठरला" म्हणतील, आणि त्यापुढच्या खऱ्या इशाऱ्याकडे कोणी बघणार नाही. गटांच्या सीमा मिलिमीटरमध्ये द्या: कमी म्हणजे इतक्याच्या खाली. जिथे जुनं वाईट वर्ष सगळ्यांना आठवतं तिथे त्या वर्षाचा आकडाही शेजारी लिहा.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा वर ठेवते आहे. ढेकूळ यांची पद्धत वापरताना एक अडचण दिसते: पुष्कळ ठिकाणी ३० वर्षांची सलग नोंद नाही. बारा-पंधरा वर्षांचीच आहे, मध्ये खिंडारं. तेव्हा काय करावं?

पाऊसनोंद

@रानवाट, बारा वर्षांवरून गट पाडू नका. प्रत्येक गटात चारच वर्षं येतात, एक ओलं वर्ष इकडचं तिकडे झालं की सीमा हलते. उपग्रहाच्या संचातून त्या जागेची ३०-४० वर्षांची मालिका घ्या. तुमच्याकडे असलेल्या बारा वर्षांत दोन्ही शेजारी ठेवून महिनावार तुलना करा. संच सातत्याने कमी दाखवत असेल, समजा दर महिन्याला १५%, तर त्या महिन्याला त्या प्रमाणात वाढवून घ्या. पण पावसाच्या दिवसांची संख्या स्वतंत्र तपासा. असे संच पुष्कळदा एक मोठा पाऊस दोन-तीन दिवसांत वाटून दाखवतात. त्याने बेरीज बरोबर येते आणि खंड मात्र लहान दिसतात. म्हणून १ मिमी खालचे दिवस कोरडे धरून खंडांची लांबी मापकाच्या नोंदीशी जुळते का ते पाहा, जुळत नसेल तर ती सीमा २ किंवा ३ मिमीवर नेऊन पुन्हा पाहा.

ढेकूळ

अनुमोदन. सीमा हंगामाच्या सुरुवातीला वेगळी आणि मध्यावर वेगळी निघाली तर तसंच ठेवा. एकच आकडा सगळ्या महिन्यांना लावायची सक्ती नाही.